घरापुरता स्वीकार : मॉर्मन पालकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेचे वाचन

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील ‘फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट’ या संशोधन प्रकल्पाने ‘सपोर्टिव्ह फॅमिलीज, हेल्दी चिल्ड्रन’ नावाच्या आपल्या पुस्तिकेची एक खास आवृत्ती काढली. समलिंगी, उभयलैंगिक आणि ट्रान्सजेंडर मुलांच्या पालकांसाठी अशा पुस्तिका पुष्कळ निघतात. ही वेगळी ठरते ती तिच्या वाचकामुळे. ती श्रद्धाळू मॉर्मन आईबापांसाठी लिहिलेली आहे. ज्यांना आपला धर्म सोडायचा नाही, धर्माधिकाऱ्यांशी भांडायचे नाही आणि पोटचे मूलही गमवायचे नाही, अशा माणसांसाठी. समाजकार्याच्या क्षेत्रातील संशोधक कॅटलिन रायन आणि साहित्याचे प्राध्यापक रॉबर्ट रीस हे तिचे दोन लेखक.

अशा पुस्तिकेची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. उपदेशपर लेखनालाही रचना असते. कोणाला काय सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे आणि काय मुद्दाम गाळायचे, याचे निर्णय लेखकाला घ्यावेच लागतात. इथे तर त्या निर्णयांवर एखाद्या मुलाचे जगणे अवलंबून असू शकते. कर्मठ धर्माच्या आत राहून स्वीकार शिकवता येतो का, आणि येत असेल तर कुठपर्यंत, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मॉर्मन धर्मात कुटुंब हेच तारणाचे साधन आहे, म्हणून कुटुंबाच्या भाषेत शिकवलेला स्वीकार तिथे खोलवर रुजतो, आणि नेमक्या त्याच कारणाने तो मंदिराच्या दाराशी येऊन अडतो.

कुटुंब हेच तारण

‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे या पंथाचे अधिकृत नाव. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. १८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या झाली. पुढे ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी पश्चिमेची वाट धरली आणि १८४७ मध्ये ते आजच्या युटा राज्यातील सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. आज जगभरात या चर्चचे सुमारे पावणेदोन कोटी नोंदणीकृत सभासद आहेत.

प्रत्येक सभासद राहत्या पत्त्यानुसार एका वॉर्डात मोडतो. या वॉर्डाचा बिशप म्हणजे वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला परिचित असलेला कॅथलिक बिशप नव्हे. त्याला पगार नसतो आणि तो धर्मशास्त्र शिकलेला असेलच असेही नाही. दंतवैद्य, शिक्षक, विमा एजंट असा कोणीही विवाहित गृहस्थ आपला व्यवसाय सांभाळून काही वर्षे ही जबाबदारी घेतो. मुलाने आपण समलिंगी असल्याचे सांगितल्यावर आईबाप बहुधा याच माणसाकडे धाव घेतात. तो काय सांगेल हे बरेचसे त्याच्या स्वभावावर ठरते.

या धर्माचा गाभा मात्र वॉर्डात नाही, मंदिरात आहे. रविवारची प्रार्थना सभागृहात होते आणि तिथे कोणीही जाऊ शकतो. मंदिरात जायला बिशपची मुलाखत देऊन परवाना मिळवावा लागतो. तिथे नवराबायकोला आणि त्यांच्या मुलांना एकमेकांशी कायमचे बांधणारा विधी होतो. हे बंधन मरणानंतरही टिकते आणि सर्वोच्च तारण अविवाहिताला नाही, तर अशा बांधलेल्या स्त्री-पुरुषांना मिळते, अशी श्रद्धा आहे. समलिंगी जोडीदाराबरोबर राहणाऱ्या भावाला परवाना मिळत नाही. त्यामुळे सख्ख्या बहिणीचा मंदिरातला विवाहविधी त्याला पाहता येत नाही. बाहेर ताटकळत थांबावे लागते.

ही मांडणी लक्षात घेतली की तिथल्या पालकांची भीती समजते. समलिंगी मूल हा त्यांच्यापुढे केवळ पापपुण्याचा प्रश्न नसतो. परलोकातल्या कुटुंबात एक जागा कायमची रिकामी राहणार, या विचाराने ते हादरतात. मुलाशी कठोर वागणारा बाप त्याचा द्वेष करतो असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. अनंतकाळासाठी मूल हातचे जाईल, या धास्तीने तो आज हात उगारतो. स्वीकार शिकवणाऱ्याला या धास्तीशी बोलावे लागते. रायन आणि रीस यांना ते नेमके उमगलेले आहे.

आधीचे धडे

पुस्तिकेचे मोल जोखायचे तर तिच्याआधी याच घरांत काय वाचले जात होते ते पाहायला हवे. १९६९ साली स्पेन्सर किंबल यांचे ‘द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस’ प्रसिद्ध झाले. किंबल तेव्हा चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक होते, पुढे ते अध्यक्ष झाले. समलिंगी आकर्षण हे घोर पाप आहे, पण निर्धार, प्रार्थना आणि पश्चात्ताप यांनी ते बरे होते, अशी त्या पुस्तकाची शिकवण. वरवर पाहता यात आशा दिसते. वाचणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले की तिची दुसरी बाजू कळते. बरे होता येते असे एकदा ठरले की जो बरा होत नाही त्याने पुरेसा प्रयत्न केला नाही, असाच निष्कर्ष निघतो. अपयशाचा सगळा भार त्या मुलावर पडतो. बिशप हे पुस्तक वाचायला देत असत आणि पिढ्यान्‌पिढ्या ते घरांत राहिले.

१९७० च्या दशकात चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात समलिंगी पुरुषांना चित्रे दाखवत विजेचे झटके देण्याचे प्रयोग झाले. १९७६ च्या एका पीएच.डी. प्रबंधात त्यांची नोंद आहे. लग्न लावून दिले की मुलगा मार्गावर येईल, हा सल्लाही सर्रास दिला जाई. त्याची किंमत कोणी मोजली ते कॅरल लिन पिअरसन यांच्या ‘गुडबाय, आय लव्ह यू’ या १९८६ च्या आत्मकथनात वाचायला मिळते. पिअरसन मॉर्मन कवयित्री. नवरा समलिंगी होता, संसार मोडला, पण एड्सने आजारी पडल्यावर तो घटस्फोटित पत्नीच्याच घरी परतला. तिने त्याची शुश्रूषा केली. १९८४ मध्ये त्याच घरी त्याचे निधन झाले. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभराने, १९८७ मध्ये, चर्चचे वरिष्ठ नेते गॉर्डन हिंकली यांनी विवाहाला उपचार समजू नये असे जाहीरपणे सांगितले. तोपर्यंत किती स्त्रियांचे आयुष्य या उपचाराच्या कामी आले असेल, याची मोजदाद कुठल्याही प्रबंधात नाही.

१९९५ मध्ये याच हिंकली यांनी, आता अध्यक्ष या नात्याने, कुटुंबाविषयीचा जाहीरनामा वाचून दाखवला. विवाह स्त्री आणि पुरुष यांच्यातच, आणि लिंगभाव हा जन्माआधीपासूनचा शाश्वत गुण, ही त्याची मुख्य सूत्रे. असंख्य मॉर्मन घरांत हा जाहीरनामा चौकट करून भिंतीवर लावलेला असतो. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रद्द करण्यासाठी ‘प्रपोझिशन ८’ हा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा वॉर्डावॉर्डांत पत्र वाचून सभासदांना वेळ आणि पैसा देण्याचे आवाहन केले गेले. आपल्याच घरातला मुलगा हे सगळे ऐकत बसला आहे, हे अनेक पालकांच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुस्तिका काय करते

रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. २१ ते २५ वयोगटातील २२४ समलिंगी आणि उभयलैंगिक तरुण-तरुणींना त्यांनी किशोरवयातील घरच्या वागणुकीबद्दल विचारले. ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता त्यांच्यात, नकार नसलेल्या किंवा कमी असलेल्या घरांतील तरुणांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण ८.४ पट आणि तीव्र नैराश्याचे प्रमाण ५.९ पट आढळले. पुस्तिका या अभ्यासावर उभी आहे. तिचे खरे यश मात्र आकड्यांपेक्षा तिने केलेल्या तीन निवडींमध्ये आहे.

पहिली निवड : ती श्रद्धेबद्दल बोलत नाही, वागणुकीबद्दल बोलते. तुमचा विश्वास बदला, असे ती पालकांना कुठेही म्हणत नाही. मुलाला मारणे, टोचून बोलणे, घरच्या कार्यक्रमांतून वगळणे, त्याच्या मित्रांशी संबंध तोडायला लावणे, शाळेत कोणी छळले तर दोष त्यालाच देणे, देव शिक्षा करील असे बजावणे, ही गोष्ट चारचौघांत बोलू नकोस म्हणून दटावणे, या प्रत्येक कृतीने काय इजा होते ते ती सांगते. त्यांच्यासमोर दुसऱ्या कृती ठेवते : मुलाशी या विषयावर बोला, अवघडल्यासारखे वाटत असले तरी जवळ घ्या, नातेवाइकांनी त्याचा मान राखावा असा आग्रह धरा, त्याच्या मित्रांना घरी येऊ द्या. ज्या पालकाला सिद्धांत बदलणे शक्य नाही, त्याला आज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काय करायचे ते कळते.

दुसरी निवड : ती पालकांना खलनायक करत नाही. नकार देणारे आईबापही बहुतेकदा मुलाचे भले करायच्या हेतूनेच तसे वागतात, हे रायन यांच्या संशोधनाचे महत्त्वाचे निरीक्षण आहे. पालक ज्याला काळजी म्हणतात ते मुलाला तिरस्कार म्हणून पोहोचते. या दोन अर्थांमधली दरी पुस्तिका उघड करते आणि पालकांचा हेतू व त्याचा परिणाम वेगळे करून दाखवते. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेला माणूस आधी बचाव करतो. काळजी घेणारा म्हणून समोर बसवलेला माणूस निदान ऐकून घेतो.

तिसरी निवड भाषेची. पुस्तिका मॉर्मन धर्मग्रंथांचा आणि नेत्यांच्या प्रेमविषयक शिकवणीचा आधार घेते. कुटुंब शाश्वत असेल तर त्यातले मूल तोडून टाकता येत नाही, हा तिचा अंतःस्थ युक्तिवाद आहे. भिंतीवरचा जाहीरनामा ज्या शब्दावर उभा आहे, त्याच ‘कुटुंब’ या शब्दाचा आधार ती मुलाच्या बाजूने घेते. तिच्या सोबतीला २०१३ मध्ये आलेला ‘फॅमिलीज आर फॉरएव्हर’ हा लघुपट याच युक्तिवादाला चेहरा देतो. समलिंगी विवाहबंदीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका श्रद्धाळू घराला आपला तेरा वर्षांचा मुलगा समलिंगी असल्याचे कळते, आणि आईबाप मुलाची बाजू घेतात, अशी ती गोष्ट. हे कुटुंब परधर्मातले असते तर मॉर्मन प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त करून विषय सोडून दिला असता. ते आपल्यासारखेच बोलते, आपल्यासारखीच प्रार्थना करते, म्हणून ते सहज झटकून टाकता येत नाही.

कुठे कमी पडते

एवढे श्रेय दिल्यावर हरकतीही नोंदवायला हव्यात. अभ्यासातील तरुण कॅलिफोर्नियातले, गौरवर्णीय आणि लॅटिनो होते. ते मॉर्मन म्हणून निवडलेले नव्हते, आणि माहिती आठवणींवर आधारलेली होती. नकार आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा जवळचा संबंध त्यातून दिसतो, पण अमुक कृतीमुळे अमुकच घडते असे सिद्ध होत नाही. पुस्तिकेतले ‘असे वागा, असे वागू नका’ हे ठाम तक्ते या मर्यादेपेक्षा पुढे जातात. आपत्तीच्या वेळी ठाम बोलावे लागते हे मान्य. तरी मूळ अभ्यास जेवढे सांगतो तेवढ्यावरच समीक्षकाने पाय ठेवावा.

दुसरी हरकत अधिक मूलभूत आहे. ही पुस्तिका स्वीकार शिकवते तो मृत्यूच्या भीतीतून. मूल जगावे म्हणून त्याला स्वीकारा. युक्तिवाद बिनतोड आहे आणि तातडीच्या क्षणी दुसरा उपयोगी पडणारही नाही. पण जे मूल खचलेले नाही, जे हसते, खेळते, अभ्यासात पुढे आहे, त्याच्या स्वीकाराचे कारण काय? आजारी पडल्याशिवाय ज्याला मान मिळत नाही, त्याचा मान हा औषधासारखा मोजून दिलेला असतो. मूल जसे आहे तसे ठीक आहे, हे वाक्य धर्मशास्त्राला उच्चारता येत नाही, म्हणून ते आरोग्यशास्त्राकडून वदवून घ्यावे लागले. ही पुस्तिकेची हुशारी आहे, तशीच तिची लाचारीही.

तिसरी गोष्ट काळाची. पुस्तिकेतले मूल चौदा-पंधरा वर्षांचे आहे. ते पंचविशीत येते, कोणाच्या तरी प्रेमात पडते, लग्न करू म्हणते. तिथे घराचे दार उघडे असले तरी पुढच्या दारावर दुसऱ्याची सत्ता असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चच्या नियमपुस्तकात बदल झाला. समलिंगी विवाह करणारा सभासद धर्मद्रोही ठरला आणि अशा जोडप्याच्या मुलांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्मा नाकारला गेला. हे धोरण म्हणजे ईश्वरी प्रकटीकरण होय, असे जानेवारी २०१६ मध्ये ज्येष्ठ प्रेषित रसेल नेल्सन यांनी सांगितले. पुढे तेच अध्यक्ष झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत ते मागे घेतले गेले. धर्मद्रोहाचा शिक्का गेला, पण समलिंगी विवाह हे गंभीर उल्लंघन राहिलेच. साडेतीन वर्षांत एक प्रकटीकरण आले आणि गेले. त्या काळात ज्यांनी मुलांची किंवा चर्चची साथ सोडली, त्यांची साडेतीन वर्षे परत आली नाहीत.

ट्रान्सजेंडर मुलांच्या बाबतीत प्रवास उलटाच झालेला दिसतो. पुस्तिका त्यांना इतरांच्या पंक्तीला बसवते. ऑगस्ट २०२४ मध्ये चर्चने काढलेल्या नियमांनी लिंगबदलाच्या दिशेने पाऊल टाकलेल्या सभासदांवर नवे निर्बंध घातले. मुलांना शिकवण्याची जबाबदारी त्यांना देऊ नये, हा त्यांतलाच एक. आईने घरी जे नाव आणि जे रूप मान्य केले, ते रविवारी सभागृहाच्या पायरीवर उतरवून ठेवावे लागते.

अधिकृत शिक्क्याचे पुस्तक

पुस्तिका चर्चने काढलेली नव्हती. चर्चच्या मालकीच्या प्रकाशनसंस्थेला या विषयावर काय छापणे परवडते, ते टॉम क्रिस्टोफरसन यांच्या ‘दॅट वी मे बी वन’ या २०१७ च्या पुस्तकावरून कळते. लेखक समलिंगी, आणि त्यांचे सख्खे भाऊ तेव्हा बारा प्रेषितांपैकी एक होते. आईवडिलांनी आणि भावांनी त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला अनेक वर्षे सणासमारंभात मोकळेपणाने सामावून घेतले. त्या घराचे चित्र खरोखरच हृद्य आहे आणि हजारो मॉर्मन पालकांना ते उपयोगी पडले असेल. परंतु या गोष्टीचा शेवट लेखक त्या दीर्घ सहजीवनातून बाहेर पडून चर्चमध्ये परतण्यात होतो. निर्णय त्यांचा आहे आणि त्यावर बोलण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न प्रकाशकाच्या निवडीचा आहे. जोडीदारासह सुखाने राहिलेल्या आणि तरीही श्रद्धा न सोडलेल्या माणसाची गोष्ट त्याच शिक्क्याखाली निघेल तेव्हा स्वीकाराने एक पायरी ओलांडली असे म्हणता येईल. तोवर स्वीकार म्हणजे परतीची वाट उघडी ठेवणे, एवढाच त्याचा अधिकृत अर्थ राहतो.

आधार कुठून घ्यायचा

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. विधवाविवाहासाठी रानड्यांनी वेदांतले आधार शोधले. आगरकरांना अशा आधाराची गरजच मान्य नव्हती. न्याय्य गोष्ट न्याय्य आहे म्हणून करावी, तिला ऋषींची सही कशाला, हा आगरकरी प्रश्न मॉर्मन पुस्तिकेलाही विचारता येतो. विचारावाच. पण ज्या आईला आज रात्री मुलाशी बोलायचे आहे, तिला आगरकर झेपेपर्यंत थांबायला सवड नसते. तिच्यासाठी रानड्यांचीच वाट असते, आणि त्या वाटेला कमी लेखणे हे पुस्तकी शूरपण ठरेल.

शिवाय आधार शोधण्याची वाट तिथेही कधी कधी फार दूर नेते. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियम या चर्चमध्ये शतकाहून अधिक काळ चालला. १९७३ साली लेस्टर बुश यांनी ‘डायलॉग’ या स्वतंत्र मॉर्मन नियतकालिकात सविस्तर लेख लिहून दाखवले की या बंदीला जोसेफ स्मिथ यांच्या कोणत्याही ज्ञात प्रकटीकरणाचा आधार सापडत नाही. १९७८ मध्ये बंदी उठली. तो लेख छापला गेला तेव्हा ‘डायलॉग’चे संपादक होते रॉबर्ट रीस, म्हणजे आपल्या पुस्तिकेचे एक लेखक. आणि बंदी उठवणारे अध्यक्ष होते स्पेन्सर किंबल, ‘द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस’ लिहिणारे.

या योगायोगातून भविष्य वर्तवता येत नाही. वर्णाची बंदी हा मंदिरात कोणाला घ्यायचे याचा प्रश्न होता. समलिंगी विवाह मान्य करायचा तर मंदिरात जे घडते त्याचाच अर्थ बदलावा लागेल, आणि ते कितीतरी अवघड आहे. तरीही एवढे दिसते की या धर्मात सिद्धांत बदलतात, आणि ते बदलण्याआधी कोणीतरी चिकाटीने, आतल्याच भाषेत, कागदावर काही मांडून ठेवलेले असते.

रायन आणि रीस यांच्या पुस्तिकेला मी या कागदांत धरतो. ती धर्मशास्त्र बदलत नाही, तसा दावाही करत नाही. आईबापांचा हात मुलावर उगारला जाण्याआधी खाली आणणे, एवढे काम ती करते. या कामाला समाजसुधारणा म्हणायचे की प्रथमोपचार, यावर वाद घालता येईल. पण तो वाद ऐकायला ते मूल जिवंत असले पाहिजे, आणि त्या वादात त्यालाही बोलायला जागा असली पाहिजे. पहिली गोष्ट पुस्तिकेने साध्य करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. दुसरी तिच्या आवाक्याबाहेरची होती. ती देणे चर्चच्या हाती आहे, आणि चर्चने ती अजून दिलेली नाही.